रिपीट करण्याआधी

राज्य मंडळाची दहावी-बारावीची पुरवणी परीक्षा 2025 मध्ये 24 जूनपासून सुरू झाली. बारावीचा निकाल 5 मे रोजी लागला, दहावीचा 13 मे रोजी. म्हणजे गणितात किंवा इंग्रजीत अडकलेल्या मुलाला दोन महिन्यांच्या आत पुन्हा पेपर देता आला. एके काळी हीच परीक्षा ऑक्टोबरात होत असे आणि ‘ऑक्टोबरला बसलाय’ एवढे म्हटले की त्या मुलाची सगळी कुंडली सांगून व्हायची. निकाल हाती येईपर्यंत प्रवेश आटोपलेले असत आणि वर्ष गेलेले असे. 2015 पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैत होऊ लागली आणि त्याच वर्षी अकरावीला जाण्याची वाट मोकळी झाली. शिक्षण खात्याला बोल लावायला कारणे पुष्कळ सापडतात. पण या एका सुधारणेने फार मुलांचे वर्ष वाचवले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

ही सोय ज्यांच्या वाट्याला येत नाही, अशी मुले तेव्हा घराघरांत मान खाली घालून बसली होती. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’चा निकाल 14 जून 2025 रोजी लागला. देशभरातून 22 लाख 9 हजार मुलांनी परीक्षा दिली, त्यातली 12 लाख 36 हजार पात्र ठरली. हा पात्रतेचा आकडा वाचून कुणी भुलू नये. खुल्या गटात 720 पैकी 144 गुणांवर पात्र ठरता आले. एमबीबीएसच्या जागा मात्र देशात तेव्हा सव्वा लाखाच्या आत होत्या आणि त्यातल्या सरकारी, म्हणजे सामान्य घराला परवडणाऱ्या, निम्म्याच्या आसपास. त्यामुळे पात्र असूनही ज्यांना एमबीबीएसची जागा मिळणार नव्हती, अशांची संख्या दहा लाखांच्या वर जात होती. त्यांना पुन्हा बसायचे तर पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबणे भाग होते.

 निकालानंतरच्या दहा दिवसांत लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे, कुठेही जा, चौकाचौकात फलक लागलेले असतात. वरच्या अर्ध्या भागात यशवंतांचे फोटो, खालच्या अर्ध्यात पुन्हा परीक्षेला बसणाऱ्यांच्या ‘रिपीटर बॅच’ची तारीख. फोटोतल्या मुलाने हे यश कितव्या प्रयत्नात मिळवले, ते तिथे सहसा लिहिलेले नसते. फोन सुरू झालेले असतात. ‘स्कॉलरशिप टेस्ट रविवारी आहे’, ‘जागा थोड्याच उरल्यात’, ‘या आठवड्यात भरलेत तर सवलत आहे.’ मराठवाड्यातल्या शेतकरी घरात हा फोन नेमका पेरणीच्या दिवसांत येतो. सोयाबीनचे बियाणे, खत आणि पोरीच्या क्लासचा पहिला हप्ता हे तिन्ही खर्च एकाच पंधरवड्यात दारात उभे राहतात. बियाण्याच्या पिशवीवरची उगवणक्षमता बाप दहादा वाचतो, दुकानदाराशी हुज्जत घालतो, पावती जपून ठेवतो. क्लासची फी मात्र तो डोळे मिटून भरतो, कारण तिथे काय तपासायचे हेच त्याला कुणी सांगितलेले नसते.

आमचे म्हणणे या घाईबद्दल आहे. रिपीट करू नये, असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्या प्रयत्नात डॉक्टर झालेली माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत आणि रुग्ण त्यांना कितव्या वेळी पास झालात म्हणून विचारत नाही. पण पुन्हा बसायचे की नाही, हा निर्णय आज ज्या रीतीने होतो ती रीत चुकीची आहे. आकडा पाहिला, रडारड झाली, मामाने कुणाचा तरी नंबर दिला आणि चौथ्या दिवशी पैसे भरले. तो आकडा कशाचा बनला आहे, हे मधल्या काळात एकानेही पाहिलेले नसते.

आधी त्या आकड्याचेच पाहू. 2024 मध्ये साडेसहाशे गुण मिळवूनही मुले हजारोंच्या रांगेत मागे उभी होती. 2025 मध्ये पेपर, विशेषतः भौतिकशास्त्राचा, इतका अवघड निघाला की देशातला सर्वाधिक गुणांचा आकडाच 686 होता आणि साडेसहाशेच्या पुढे जेमतेम 73 जण होते. 2024 मध्ये पात्रतेची रेषा 162 वर होती, 2025 मध्ये ती 144 वर आली. तेव्हा शेजारच्या मुलाला आदल्या वर्षी सहाशे पडले होते आणि आपल्याला पाचशेच, ही तुलना निव्वळ निरर्थक आहे. पाहायचा असतो तो क्रमांक. तरीही घरोघर तुलना गुणांचीच चालते, कारण गुण लक्षात राहतात आणि क्रमांक राहत नाही.

गुण किती तकलादू असतात, याचा धडा तर 2024 मध्येच साऱ्या देशाने घेतला. 4 जून 2024 रोजी निकाल लागला तेव्हा 67 मुलांना 720 पैकी 720 होते. त्यातल्या सहा जणांचे वाढीव गुण रद्द झाले. मग भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नावरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकाप्रमाणे एक उत्तर बरोबर ठरत होते, नव्या पुस्तकाप्रमाणे दुसरे, आणि परीक्षा घेणाऱ्यांनी दोन्हींना गुण दिले होते. न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीतल्या तज्ज्ञांचे मत मागवले. एकच उत्तर बरोबर ठरले. जुने उत्तर देणारे चार लाखांहून अधिक विद्यार्थी एका दिवसात पाच-पाच गुणांनी खाली आले आणि पैकीच्या पैकी गुणांचे मानकरी उरले 17. मुलांच्या डोक्यातले ज्ञान त्या दिवशी रतीभरही बदलले नव्हते. 2025 मध्ये इंदूर-उज्जैनकडच्या काही केंद्रांवर वादळात वीज गेली, मुलांनी अंधुक उजेडात पेपर सोडवला आणि प्रकरण न्यायालयात पोहोचले. त्या मुलांचा आकडा कशाचा मानायचा?

अर्थात, बहुतेकांच्या बाबतीत वीज गेलेली नसते आणि पुस्तकही बदललेले नसते. त्यांचा आकडा त्यांचाच असतो, आणि तो उलगडून पाहण्याची साधने घरातच पडलेली असतात. ‘नीट’ची प्रश्नपुस्तिका परीक्षेनंतर विद्यार्थ्याला घरी नेता येते. ओएमआर उत्तरपत्रिकेची स्कॅन केलेली प्रत आणि उत्तरसूची परीक्षा यंत्रणेने 2025 मध्ये जूनच्या पहिल्या आठवड्यातच संकेतस्थळावर ठेवली होती. सूचीतल्या एखाद्या उत्तरावर आक्षेप घ्यायचा तर प्रश्नामागे दोनशे रुपये भरून तोही घेता येत होता. पण बेरीज होईपर्यंत मुले ही कागदपत्रे पाहतात आणि आकडा कळला की पुस्तिका कपाटाच्या तळाशी जाते. काही घरांत ती आईच रद्दीत टाकते, पोराला पुन्हा दिसू नये म्हणून.

ती पुस्तिका बाहेर काढा. कच्चे काम तिच्यातच केलेले असते, म्हणून तिचे मोल कुठल्याही क्लासच्या नोट्सहून जास्त आहे. उदाहरणादाखल एका मुलीचे गुण 412 धरू. हे 412 असे येऊ शकतात: 116 उत्तरे बरोबर, 52 चुकीची, 12 प्रश्न कोरे. बरोबरचे 464, चुकीचे 52 वजा. विषयवार मांडले तर जीवशास्त्रात 360 पैकी 272, रसायनशास्त्रात 180 पैकी 107 आणि भौतिकशास्त्रात 180 पैकी अवघे 33. इथवर सगळेच येतात आणि ‘फिजिक्स कच्चं आहे’ असा निकाल देऊन मोकळे होतात. खरे काम इथून पुढे सुरू होते.

त्या 52 चुका एक-एक करून पुन्हा सोडवायच्या. कोऱ्या कागदावर, उत्तरसूची न पाहता, घड्याळ लावून. यातल्या समजा 17 आता बरोबर आल्या. म्हणजे येत असून हातच्या गेल्या. पुस्तिकेतल्या कच्च्या कामावर नजर टाकली की त्या का गेल्या तेही दिसते. एका ठिकाणी दोन विद्युतभारांमधले अंतर दहा सेंटिमीटर दिले होते. तिने ते मीटरमध्ये न करता तसेच सूत्रात घातले. अंतराचा वर्ग होतो, म्हणून उत्तर दहा हजार पटींनी चुकले, आणि पेपर काढणाऱ्याने नेमके तेच उत्तर पर्यायांत ठेवले होते. पर्याय जुळला म्हणून तिलाही शंका आली नाही. दुसरीकडे जीवशास्त्राच्या प्रश्नात ‘अयोग्य विधान कोणते’ असे विचारले होते. तिने चारांतले पहिले योग्य विधान वाचले आणि गोल भरून पुढे गेली. अशी प्रत्येक चूक पाच गुणांना पडते: मिळायचे चार गेले आणि पदरचा एक गेला. या 17 चुकांपैकी निम्म्या टळल्या तरी चाळीसेक गुण वाढतात, तेही नवे पान न वाचता.

इथे एक सावधगिरी हवी. ‘सगळं येत होतं हो, सिली मिस्टेक झाल्या’ हे वाक्य निकालाच्या दिवशी प्रत्येक घरात ऐकू येते आणि त्याने सगळ्यांनाच बरे वाटते. कोऱ्या कागदाची परीक्षा त्यासाठीच आहे. तिथे जे पुन्हा चुकले, ते येत नव्हते. आपल्या या मुलीच्या बाबतीत अशी 24 उत्तरे निघाली. तिला ती येतात असे वाटत होते, आजही वाटते, आणि ती चुकीची आहेत. हा ढीग सर्वांत मोठा आणि सर्वांत धोक्याचा, कारण न येणाऱ्या गोष्टीचा माणूस अभ्यास करतो. येते असे वाटणाऱ्या गोष्टीकडे तो वळूनही पाहत नाही.

उरलेली 11 उत्तरे म्हणजे तुक्के. त्यांच्यावरून मुलांना बोलणी बसतात, ती विनाकारण. चारांत एक तुक्का बरोबर लागला तर चार मिळतात आणि तीन जातात. सरासरीने नुकसान होत नाही, कणभर फायदाच होतो. शिवाय 11 तुक्के चुकले असतील तर तीन-चार लागलेलेही असणार आणि ते त्या 116 मध्ये मुकाट बसलेले आहेत. तेही हुडकून काढावेत, म्हणजे 116 वर उगाच भरवसा राहणार नाही. आणि कोऱ्या सोडलेल्या 12 प्रश्नांपैकी आठ भौतिकशास्त्रातले. त्यांच्या शेजारी कच्चे काम दिसते का? नसेल, तर ती तिथवर पोहोचलीच नव्हती. 2025 पासून प्रश्न पुन्हा 180 आणि मिनिटेही 180 झाली. 2021 ते 2024 या काळात 200 प्रश्नांतून 180 निवडायची मुभा होती आणि 2022 पासून वीस मिनिटेही जास्त होती. जुन्या पेपरांवर तीन तास वीस मिनिटांचा सराव केलेल्या मुलांचा अंदाज 2025 मध्ये इथेच चुकला असणार.

या कामाला तीन-चार दिवस लागतात. मुलाने एकट्याने करू नये; सोबत कुणीतरी शांत माणूस हवा. एखादी ताई, जुने कॉलेजातले सर, कुणीही, फक्त ज्याला आकड्याचा राग आलेला नाही असे. हे झाल्यावर मग विचारावे की पुन्हा बसायचे का. कधी उत्तर स्पष्ट ‘हो’ येते. कधी असेही दिसते की दोन वर्षांत तिन्ही विषयांत कुठेच गोडी लागलेली नाही आणि आणखी एक वर्ष त्याच खोलीत कोंडून घेतल्याने ती लागणारही नाही. दोन्ही उत्तरे उपयोगाची आहेत.

‘हो’ असेल तर रिपीटरच्या वर्षाला एक खास दुखणे असते, ते ओळखून ठेवावे. रिपीटरला सगळे ओळखीचे वाटते. एनसीईआरटीचे पुस्तक उघडले की पिवळ्या, हिरव्या, गुलाबी हायलायटरने रंगवलेली पाने समोर येतात. ‘हे झालंय, हेही झालंय’ म्हणत एका बैठकीत दोन प्रकरणे उडतात. ही ओळख म्हणजे आठवण नव्हे. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार पाळ्यांमध्ये पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच पाळीत वाचला आणि उरलेल्या तीन पाळ्यांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. गंमत अशी की आपल्याला जास्त आठवेल, अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती.

आपल्याकडे हे कळायला सेंट लुईसपर्यंत जायची गरज नव्हती. ज्या लातूर पॅटर्नची राज्यभर चर्चा झाली आणि थट्टाही झाली, त्याचा गाभा हाच होता: शिकवून झाले की चाचणी, चाचणी झाली की चुकांची उजळणी आणि पुन्हा चाचणी. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी कॉलेजच्या वेळेआधी आणि नंतर मुलांकडून प्रश्नसंच सोडवून घेतले, त्यावर ते नाव झाले. पुढे नाव क्लासच्या फलकांवर गेले आणि चुका तपासून देणारा माणूस मात्र मागे पडला. पाचशे मुलांच्या हॉलमध्ये दर रविवारी टेस्ट होते, संध्याकाळी मोबाइलवर क्रमांक येतो आणि सोमवारी नवे प्रकरण सुरू होते. टेस्टच्या दुसऱ्या दिवशी ज्या वर्गात चुकांवर बोलणे होत नाही, तिथे रिपीटरने पैसे का भरावेत, हा प्रश्न आम्हाला पडतो.

अभ्यासाचे इतके पुरे. या दिवसांत घरात काय चालते, ते अधिक गंभीर आहे. सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून वडिलांनी केलेल्या मारहाणीत मुलीचा जीव गेल्याची बातमी जून 2025 मध्ये सांगली जिल्ह्यातून आली. वडील पेशाने शिक्षक. यावर लिहावे असे शब्द आमच्याजवळ नाहीत आणि त्या घराकडे बोट दाखवून आपण सुटलो असेही कुणी मानू नये. हात न उचलणाऱ्या घरांतही ताटावर बसल्यावर टोमणे असतात, ‘एवढे पैसे घातले’ असतात, आणि याहून वाईट म्हणजे आठ-आठ दिवसांचा अबोला असतो. सराव परीक्षा चुका करण्यासाठीच असते. तिच्या गुणांचा घरात हिशेब मागितला जाऊ लागला की मूल चुका लपवू लागते, आणि चूक लपली की सरावाचा उपयोग संपला.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उघडपणे बोलायला हवी. ‘नीट’ला बसणाऱ्यांत आता मुली मुलांपेक्षा जास्त आहेत. रिपीट करायला घरातून नाही म्हणत नाहीत. म्हणतात, ‘या वर्षी झालं तर झालं.’ पुढचे वाक्य कुणी उच्चारत नाही, पण ते तिला ऐकू येते. भाऊ तिसऱ्यांदा बसला तरी त्याच्यासाठी स्थळे पाहायला कुणी सुरुवात करत नाही. असे ओझे पाठीवर घेऊन जी अभ्यास करते, तिच्या आणि भावाच्या गुणांची बरोबरी करण्यात न्याय नाही.

रिपीटर मुलाला कॉलेज नसते, ओळखपत्र नसते, हजेरी नसते. मित्र जुलैत नव्या गावी जातात, हॉस्टेलचे फोटो टाकू लागतात. अभ्यासिकेतली एक खुर्ची आणि मेसचा डबा एवढेच त्याचे जग उरते. पहिले दोन महिने जोर असतो. दिवाळीच्या सुमारास टेस्टचे गुण एकाच जागी अडकतात आणि कंटाळा दाटून येतो. हे बहुतेकांचे होते. पण मूल जेवेनासे झाले, झोप उडाली, जगण्यात अर्थ नाही असे काही बोलले, तर ‘नाटकं आहेत’ म्हणून झटकू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते, फोनला पैसे पडत नाहीत. हा क्रमांक अभ्यासिकांच्या भिंतीवर वेळापत्रकाशेजारी लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता सरकारकडे वळू. एका दुपारी दोन ते पाच या तीन तासांवर वर्षभराचे भवितव्य टांगायचे आणि ती दुपार हुकली की आणखी बारा महिने थांबायला लावायचे, याला कसला आधार आहे? अभियांत्रिकीची ‘जेईई मेन’ 2019 पासून, करोनाकाळातला बदल सोडला तर, वर्षातून दोनदा होते आणि दोन्हींतली चांगली कामगिरी धरली जाते. सीबीएसईनेही 2026 पासून दहावीला दुसरी संधी देण्याचे ठरवले. ‘नीट’ला मात्र ही मुभा नाही. बावीस लाख मुलांची परीक्षा दोनदा घेणे सोपे नाही, आणि दोन वेगळ्या पेपरांचे गुण एका मापात आणण्यावरून वाद होतील, हे खरे. पण 2024 च्या गोंधळानंतर नेमलेल्या डॉ. के. राधाकृष्णन समितीने अशा परीक्षा टप्प्याटप्प्यांत घेण्याचा विचार सुचवला होता. त्यावर निदान ठरलेल्या मुदतीत उत्तर तरी यावे. एक वर्ष रिपीट करण्याचा खर्च सरकारच्या हिशेबात कुठेच दिसत नाही, कारण तो पूर्णपणे घरांच्या खिशातून जातो.

दुसरे क्लासबद्दल. केंद्राने जानेवारी 2024 मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण फी भरून विद्यार्थी मध्येच बाहेर पडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे त्यात स्पष्ट आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जाहिरातींवरही निर्बंध आणले: यशवंताचा फोटो त्याच्या निवडीनंतर लेखी संमती घेऊनच वापरायचा आणि तो आपल्याकडे कोणत्या अभ्यासक्रमाला होता हे सांगायचे. चौकातले किती फलक या कसोटीला उतरतात, हे पाहायला जिल्हाधिकाऱ्यांना चहाच्या वेळेत एक चक्कर पुरेल.

राहता राहिला प्रश्न थांबण्याचा. ‘नीट’ला वयाची वरची अट 2022 पासून उरलेली नाही आणि प्रयत्नांनाही मर्यादा नाही. आयआयटीची ‘जेईई अ‍ॅडव्हान्स्ड’ लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते, तिथे नियमच माणसाला थांबवतो. इथे थांबायचे ते आपल्यालाच ठरवावे लागते. आणि ते पुढच्या निकालाच्या दिवशी ठरत नाही, कारण त्या दिवशी ‘आणखी एकदाच’ याखेरीज काही सुचत नाही. म्हणून आत्ताच घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवावे की पुढच्या जूनमध्ये अमुक क्रमांकाच्या आत आलो नाही तर कोणती वाट धरायची. वाटा आहेत. ‘नीट’च्याच गुणांवर आयुर्वेद, होमिओपॅथीचे प्रवेश होतात. राज्यात फार्मसीला आणि नर्सिंगला वेगळी सीईटी आहे. बीएस्सीला नाव घालून ठेवून, अभ्यास चालू ठेवत पुन्हा बसणारेही अनेक आहेत, आणि ज्यांचा क्रमांक थोडक्यात हुकला आहे त्यांच्यासाठी हा मार्ग कोरडे वर्ष काढण्यापेक्षा आम्हाला बरा वाटतो. आयुर्वेदाला मनाविरुद्ध जाऊ नये, हेही तितकेच खरे. रुग्णाला नाखूश वैद्य नको असतो.

तेव्हा हप्ता भरण्याआधी क्लासमध्ये जाऊन दोनच गोष्टी विचाराव्यात. टेस्ट झाल्यावर माझ्या मुलीच्या चुका तिच्यासोबत बसून कोण पाहणार, त्या माणसाचे नाव सांगा. आणि मध्येच सोडले तर पैसे परत मिळण्याची अट पावतीवर लिहून द्या. उत्तर ऐकून घरी यावे, रविवारची स्कॉलरशिप टेस्ट चुकली तरी चुकू द्यावी आणि आधी ती पुस्तिका संपवावी. जागा थोड्याच उरल्यात, असे जुलैतही सांगतात. ऑगस्टात पुन्हा नवी बॅच निघते. फलकावर फक्त तिचे नाव बदललेले असते.